विश्लेषण : संघ तुमचा, फासे प्रतिस्पर्ध्याच्या हातात! टेबलटॉप बेसबॉल लीग दूर बसून कशी खेळतात?

समजा, तुम्ही न्यूयॉर्कमध्ये राहता आणि एका बेसबॉल संघाचे मॅनेजर आहात. नववा, म्हणजे शेवटचा डाव सुरू आहे. तुमचा संघ एका धावेने पुढे आहे, पण तुमचा पिचर दमला आहे आणि प्रतिस्पर्धी संघाचा खेळाडू तिसऱ्या बेसपर्यंत पोहोचला आहे. पिचर बदलायचा की त्याच्यावरच भरवसा ठेवायचा? निर्णय तुमचा. पण रात्रीचा एक वाजला आहे आणि तुम्ही गाढ झोपेत आहात. सामना सुरू आहे तो सुमारे चार हजार किलोमीटर दूर, कॅलिफोर्नियातल्या एका घरात, जेवणाच्या टेबलावर. तिथे तुमच्या संघासाठी फासे टाकतो आहे तो तुमचा प्रतिस्पर्धीच. तुमचा पिचर बदलायचा की नाही, हेही तोच ठरवणार आहे.

ऐकायला विचित्र वाटेल, पण अमेरिकेत अशा लीग अनेक दशके चालत आल्या आहेत. त्या चालतात कशा? दूर बसून संघ सांभाळायचा म्हणजे नेमके काय करायचे? आणि समोरचा फसवणार नाही, याची खात्री काय? समजून घेऊ.

टेबलटॉप बेसबॉल म्हणजे काय?

शाळेत मागच्या बाकावर बुक क्रिकेट खेळलेल्यांना ही कल्पना पटकन कळेल. पुस्तक उघडायचे, पान क्रमांकाचा शेवटचा आकडा म्हणजे धावा, शून्य आला की बाद. पण बुक क्रिकेटमध्ये सचिन तेंडुलकर आणि अकराव्या क्रमांकाचा फलंदाज यांच्यात काहीच फरक नसतो. पान दोघांनाही सारखेच उघडते. टेबलटॉप बेसबॉलमध्ये हा फरक मोजलेला असतो. प्रत्येक खऱ्या खेळाडूचे एक कार्ड असते आणि त्याने एखाद्या हंगामात प्रत्यक्ष केलेल्या कामगिरीवरून ते कार्ड तयार केलेले असते. फासे टाकायचे आणि कार्डावर निकाल वाचायचा.

फँटसी क्रिकेटपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. फँटसीमध्ये तुम्ही संघ निवडता आणि गुण मिळतात ते खेळाडू उद्या मैदानावर काय करणार त्यावर. इथे खेळाडूचा हंगाम आधीच संपलेला असतो. त्याची ताकद आणि उणिवा दोन्ही तुम्हाला कार्डावर दिसतात. त्या कधी आणि कशा वापरायच्या, हे मॅनेजरचे काम. म्हणजे फँटसीत तुम्ही निवड समितीवर असता, इथे थेट कर्णधाराच्या जागी.

हा खेळ आला कुठून?

अमेरिकेत क्लिफर्ड व्हॅन बीक यांनी 'नॅशनल पास्टाइम' नावाचा कार्ड-फाशांचा खेळ तयार केला होता. तो खेळत मोठे झालेले जे. रिचर्ड साइट्झ यांनी १९५१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर येथून 'एपीबीए' हा खेळ बाजारात आणला. नाव होते 'अमेरिकन प्रोफेशनल बेसबॉल असोसिएशन'चे लघुरूप. गंमत म्हणजे हे भारदस्त नाव मुळात साइट्झ आणि त्यांच्या मित्रांच्या घरगुती लीगचे होते. थोडक्यात, आधी मित्रांची लीग आणि मग कंपनी.

दुसरे मोठे नाव 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक'. गणिताची आवड असलेले हॅल रिचमन लहानपणापासून फाशांच्या शक्यतांची आकडेमोड करत होते. १९६१ मध्ये त्यांनी हा खेळ विक्रीला आणला. 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या व्हिडीओ गेम कंपनीचे संस्थापक ट्रिप हॉकिन्स हेही याच खेळाचे चाहते. आज मोबाइलवर क्रीडा गेम खेळणाऱ्या पिढीची नाळ अशी त्या कार्डांशी जोडलेली आहे.

कार्ड आणि फाशांमागचे गणित काय?

स्ट्रॅट-ओ-मॅटिकचे उदाहरण घेऊ. एका वेळी तीन फासे टाकले जातात. पहिला वेगळ्या रंगाचा. त्यावर १, २ किंवा ३ आले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा. ४, ५ किंवा ६ आले तर पिचरच्या, म्हणजे गोलंदाजाच्या. उरलेल्या दोन फाशांची बेरीज (२ ते १२) कार्डावरची ओळ ठरवते.

तीन फाशांचे एकूण २१६ निकाल संभवतात. त्यातले १०८ फलंदाजाच्या वाट्याला, १०८ पिचरच्या. पण सगळ्या ओळींचे वजन सारखे नसते. दोन फाशांची बेरीज ७ येण्याचे सहा मार्ग आहेत, २ किंवा १२ येण्याचा प्रत्येकी एकच. त्यामुळे कार्डाच्या एका रकान्यात ७ समोर 'होम रन' लिहिले असेल तर त्याची शक्यता २१६ मध्ये ६. तेच २ समोर असेल तर फक्त १. कार्ड बनवणारा या वजनांचा मेळ घालून खेळाडूची अख्ख्या वर्षाची आकडेवारी त्या छोट्या तुकड्यावर बसवतो.

खेळाच्या प्रगत आवृत्तीत डावखुऱ्या आणि उजव्या हाताच्या प्रतिस्पर्ध्यासाठी निकाल वेगवेगळे असतात. क्षेत्ररक्षण, बेस चोरण्याची क्षमता, धावण्याचा वेग, कॅचरच्या फेकीची ताकद यांनाही स्वतंत्र गुणांकन असते. काही निकालांसाठी २० बाजूंचा फासा लागतो. पिचर किती डाव तग धरेल, हेही कार्डावर असते. थकव्याच्या त्या टप्प्यानंतर त्याच्याविरुद्ध जास्त फटके बसतात. सुरुवातीला पाहिलेल्या नवव्या डावातला पेच नेमका हाच.

प्रतिस्पर्धी समोर नसेल तर सामना होतो कसा?

समोरासमोर बसून खेळायला माणसे एका गावात हवीत. पण या खेळाचे वेडे देशभर विखुरलेले. म्हणून टपालाने खेळण्याची पद्धत रुजली. ढोबळमानाने आज तीन प्रकार दिसतात.

पहिला, जुना आणि अजूनही लोकप्रिय : पाहुणा मॅनेजर लेखी सूचना पाठवतो. यजमान घरी एकटा बसून दोन्ही संघांचे फासे टाकतो आणि धावफलक परत पाठवतो. पूर्वी पाकिटे जात, आता ईमेल जातो. पुढच्या मालिकेत भूमिका उलटतात. दुसरा प्रकार फोन किंवा व्हिडीओ कॉलचा : दोघेही जागे, दोघेही निर्णय घेणारे, फक्त टेबल एकाचे. तिसरा प्रकार संगणकाचा : दोघे इंटरनेटवरून थेट खेळतात किंवा आपापल्या सूचना सॉफ्टवेअरमध्ये भरतात आणि गैरहजर मॅनेजरच्या वतीने संगणक निर्णय घेतो.

थेट खेळणे अर्थातच सर्वांत सोपे. पण दोन्ही किनाऱ्यांमध्ये तीन तासांचा फरक, नोकऱ्या, मुलेबाळे. मालिकेतल्या तीन-चार सामन्यांसाठी दोघांनाही एकाच संध्याकाळी वेळ मिळणे कठीण. त्यामुळे मॅनेजरची खरी परीक्षा होते ती पहिल्या प्रकारात. तिथे तुमच्याकडे फक्त एक कागद असतो : सूचनापत्र.

सूचनापत्रात काय लिहावे लागते?

नवखा मॅनेजर फलंदाजीचा क्रम आणि पिचरचे नाव लिहून मोकळा होतो. मुरलेला मॅनेजर पुढील गोष्टी नोंदवतो :

• मालिकेतील प्रत्येक सामन्यात सुरुवात करणारा पिचर.

• फलंदाजीचे दोन क्रम : एक उजव्या हाताच्या पिचरविरुद्ध, एक डावखुऱ्याविरुद्ध.

• राखीव पिचरांची उतरंड : कोण कधी येणार, कोणाला सलग दोन दिवस वापरायचे नाही.

• ऐन वेळी फलंदाजीला पाठवायचा बदली खेळाडू आणि तो कोणाच्या जागी जाणार.

• बेस कोणी चोरायचा, किती धावांचा फरक असताना, समोर कोणता कॅचर असताना.

• प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू तिसऱ्या बेसवर असेल तर जवळचे क्षेत्ररक्षक पुढे आणायचे की मागेच ठेवायचे.

• समोरच्या कोणत्या फलंदाजाला मुद्दाम 'वॉक' देऊन पहिल्या बेसवर जाऊ द्यायचे.

• आघाडी असताना शेवटच्या डावांत चांगले क्षेत्ररक्षक कोणाच्या जागी आणायचे आणि कोणी जखमी झाल्यास कोण खेळणार.

अभियांत्रिकी शिकलेल्यांना ही यादी ओळखीची वाटेल. हा प्रोग्रामच आहे : 'असे असेल तर असे करा, नाहीतर तसे करा.' फरक एवढाच, की तो चालवणारे यंत्र म्हणजे एक माणूस आहे आणि त्या माणसालाही जिंकायचे आहे.

सूचना देऊनही घोळ कुठे होतो?

एक साधी सूचना पाहा : 'आघाडी असेल तर नवव्या डावात क्लोजर आणा.' क्लोजर म्हणजे शेवटच्या डावासाठी राखून ठेवलेला खास पिचर. सूचना बिनचूक वाटते ना?

आता मालिका सुरू होते. पहिल्या सामन्यात तुमचा संघ नवव्या डावात सहा धावांनी पुढे. यजमान तुमचा कागद वाचतो, आघाडी आहे, म्हणून क्लोजर आणतो. दुसऱ्या दिवशी चार धावांची आघाडी, पुन्हा क्लोजर. तिसऱ्या दिवशी एका धावेची आघाडी, सामना अगदी काठावर. पण सलग तिसऱ्या दिवशी वापरण्यावर लीगची बंदी असल्याने क्लोजर बाकावर बसलेला. सामना हातचा जातो. यजमानाने काही लबाडी केली का? अजिबात नाही. त्याने तुमचा शब्द तंतोतंत पाळला.

सुधारित सूचना अशी हवी होती : 'नवव्या डावात आघाडी एक ते तीन धावांची असेल तरच क्लोजर आणा. जास्त असेल तर राखीव पिचर क्रमांक चार.' बेसबॉलच्या 'सेव्ह' या अधिकृत नोंदीतही तीन धावांची मर्यादा महत्त्वाची असते, त्यामुळे ही भाषा समोरच्याला लगेच कळते.

दुसरा घोळ परस्परविरोधी सूचनांचा. 'सातव्या डावापर्यंत पिचर बदलू नका' आणि 'पिचर थकला की बदला', असे दोन्ही लिहिलेले असेल आणि तो सहाव्या डावातच थकला, तर? यजमानाने काय करायचे? म्हणून सूचनांना प्राधान्यक्रम देणे आवश्यक. वरची सूचना खालचीवर भारी.

तिसरा घोळ अतिउत्साहाचा. चार पाने भरून सूचना पाठवल्या, तर समोरच्याला दर फाशाआधी कागद चाळावा लागतो. एका सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण ७५ वेळा फलंदाज उभे राहतात. प्रत्येक वेळी कागद चाळायची वेळ आली तर माणूस वैतागतो आणि नेमकी महत्त्वाची ओळ नजरेतून सुटते. एका पानात बसतील एवढ्याच सूचना आणि शेवटी एक वाक्य : 'यात नसलेल्या प्रसंगी हा संघ तुमचाच आहे असे समजून निर्णय घ्या.' शहाणे मॅनेजर असेच करतात.

यजमान फसवत नाही, हे कशावरून?

हा प्रश्न सर्वांनाच पडतो. बंद खोलीत, एकट्याने टाकलेले फासे. एखादा वाईट निकाल 'फासा टेबलाखाली पडला' म्हणून पुन्हा टाकला तर कोणाला कळणार?

आकडेवारीवरून पकडता येईल, असे वाटते. पण गणित वेगळेच सांगते. खऱ्या बेसबॉलमध्ये यजमान संघ दीर्घकाळच्या सरासरीने ५३-५४ टक्के सामने जिंकतात. ५४ टक्के धरले तर घरच्या ४० सामन्यांत साधारण २२ विजय अपेक्षित. एखाद्याने २७ जिंकले तर तो संशयित का? आम्ही गणित मांडून पाहिले. तुल्यबळ संघांमध्ये एखाद्या संघाने घरी २७ किंवा अधिक सामने निव्वळ नशिबाने जिंकण्याची शक्यता सुमारे सहा टक्के येते. पण लीगमध्ये १२ संघ असतील, तर त्यापैकी किमान एकाच्या बाबतीत असे घडण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे! म्हणजे दर दोन हंगामांत एकदा तरी कोणीतरी पूर्ण प्रामाणिक माणूस 'चोर' दिसणार. शिवाय यजमान आपल्या संघाचे निर्णय समोर पाहून घेतो, पाहुणा मात्र कागदावर अवलंबून असतो. त्यामुळे घरी जास्त विजय मिळणे नियमाला धरूनच आहे.

याचा अर्थ, एखाद्या हंगामाच्या आकड्यांवरून लबाडी सिद्ध करता येत नाही आणि प्रामाणिकपणाही नाही. म्हणूनच लबाडीपेक्षा संशयाने लीग लवकर मोडते.

मग विश्वास टिकतो कसा?

पहिले उत्तर रचनेतच आहे. आज त्याचा संघ तुमच्या हातात, पुढच्या महिन्यात तुमचा संघ त्याच्या हातात. राजकीय अभ्यासक रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास संगणकांमध्ये स्पर्धा लावून पाहिले होते की, त्याच दोघांना पुन्हा पुन्हा समोरासमोर यायचे असेल तर कोणते धोरण सरस ठरते. जिंकले ते अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेले अगदी साधे धोरण : सुरुवात सहकार्याने करा, मग जशास तसे वागा. टपाली लीगमध्ये हेच घडते. पुन्हा गाठ पडणार आहे, ही जाणीव माणसाला सरळ ठेवते.

पण शेवटची मालिका आली की ही जाणीव संपत नाही का? इथे लीगची एक प्रथा कामी येते. अनेक लीगमध्ये हंगाम संपल्यावर संघ विसर्जित होत नाही. ठरावीक खेळाडू पुढच्या वर्षासाठी कायम ठेवता येतात आणि नव्या खेळाडूंची निवड दरवर्षी होते. त्यामुळे 'शेवटचा सामना' असा येतच नाही.

दुसरे उत्तर पारदर्शकतेचे. नुसता अंतिम धावफलक न पाठवता प्रत्येक चेंडूफळीचा, म्हणजे प्रत्येक फलंदाजाच्या निकालाचा तपशील पाठवायचा. काही जण फासे टाकताना व्हिडीओ सुरू ठेवतात. काही जण नोंद ठेवणारे डिजिटल फासे वापरतात. टेबलावरून पडलेला फासा ग्राह्य धरायचा की नाही, हे हंगामाआधीच ठरवून टाकायचे. ही काळजी चोर पकडण्यापेक्षा साव माणसाला संशयापासून वाचवण्यासाठी जास्त उपयोगी पडते.

लीगचे इतर नियम कोणते?

सर्वांत महत्त्वाचा नियम वापराच्या मर्यादेचा. समजा, एखादा खेळाडू खऱ्या हंगामात फक्त ६० वेळा फलंदाजीला आला आणि त्या थोडक्या संधींत त्याची बॅट तळपली. त्याचे कार्ड जबरदस्त बनते. तो रोज खेळला तर सगळे गणितच कोलमडेल. म्हणून प्रत्यक्षात जितकी संधी मिळाली, तितकीच किंवा त्याच्या ठरावीक प्रमाणातच लीगमध्ये मिळते. दूर बसून खेळताना 'याच्या आता फक्त नऊ संधी उरल्या आहेत' हे सूचनापत्रात लिहिणे पाहुण्या मॅनेजरची जबाबदारी. विसरलात तर तुमचा हुकमी एक्का ऑगस्टमध्येच संपलेला असतो.

दुसरा नियम मुदतीचा. सूचना अमुक तारखेपर्यंत, निकाल तमुक तारखेपर्यंत. सूचना आल्याच नाहीत, तर मागच्या वेळच्या सूचना लागू किंवा यजमान आपल्या मर्जीने खेळणार. या सगळ्यावर देखरेख ठेवतो कमिशनर, म्हणजे लीगचा कारभारी. त्याची खरी डोकेदुखी असते तळाला गेलेला संघ. जिंकण्याची आशा संपलेला मॅनेजर सूचना पाठवणे बंद करतो, सामने रखडतात आणि त्याची झळ वर लढणाऱ्यांना बसते.

संगणक आल्यावर हे सगळे संपले का?

स्ट्रॅट-ओ-मॅटिकची संगणकीय आवृत्ती १९८० च्या दशकातच आली. गैरहजर मॅनेजरच्या वतीने संगणक निर्णय घेऊ लागल्याने फसवणुकीची शंका बरीच कमी झाली. पण संगणकालाही सूचना द्याव्याच लागतात. तो तुमच्या मनातले नाही, तुम्ही भरलेलेच वाचतो. क्लोजरचा घोळ तिथेही तसाच होतो.

मैदाने ओस पडली तेव्हा मात्र या खेळाची आठवण सर्वांनाच झाली. १९८१ मध्ये खेळाडूंच्या संपामुळे मेजर लीग बेसबॉल थांबले, तेव्हा क्लीव्हलँडच्या रिकाम्या स्टेडियममध्ये ऑल-स्टार सामना स्ट्रॅट-ओ-मॅटिकच्या फाशांवर खेळवला गेला. २०२० मध्ये करोनामुळे २६ मार्चला सुरू होणारा हंगाम लांबला. त्या काळात कंपनी रोजचे सामने संगणकावर खेळवून निकाल जाहीर करत होती. प्रत्यक्ष हंगाम २३ जुलैला सुरू झाला, तोही १६२ ऐवजी ६० सामन्यांचा.

थोडक्यात काय?

दूर बसून संघ सांभाळणे म्हणजे आधी स्वतःला प्रश्न विचारणे : नववा डाव, एका धावेची आघाडी, तिसऱ्या बेसवर खेळाडू... मी काय केले असते? ते उत्तर दुसऱ्या माणसाला कळेल अशा भाषेत लिहिणे, हे झाले अर्धे काम. उरलेले अर्धे यजमानाचे. मध्यरात्री, कोणी पाहत नसताना, स्वतःच्या संघाचा पराभव करणारा फासा पडतो. तो उचलून पुन्हा टाकण्याचा मोह होतो. त्याऐवजी तो निकाल जसाच्या तसा कागदावर उतरवायचा आणि सकाळी समोरच्याला कळवायचे : 'अभिनंदन, तुम्ही जिंकलात.' तो संदेश न्यूयॉर्कमध्ये उघडला जातो, तेव्हा झोपेतून उठलेल्या मॅनेजरला विजयाची बातमी मिळते, आणि पुढच्या मालिकेत आपण कसे वागायचे हेही कळते.